सरपंच, सभापती, नगरसेवक, आयुक्त: नक्की कोण काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथलं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात नावं आणि नियम बदलतात, तिथलं इथे लावू नका.

स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे नेमक्या कोणकोणत्या?

गावाकडे तीन पायऱ्या आहेत: गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. शहरात पायऱ्या नसतात, शहराच्या आकाराप्रमाणे एकच संस्था असते, म्हणजे नगरपंचायत किंवा नगरपरिषद किंवा महानगरपालिका, तिघींपैकी एक. कॅन्टोन्मेंट वेगळं, ते खाली आहे.

राज्यघटनेत या सगळ्यांना पक्की जागा मिळाली ती 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीने, दोन्ही 1993 मध्ये लागू झाल्या, गावाची 24 एप्रिलला आणि शहराची 1 जूनला. पण महाराष्ट्रात जिल्हा परिषदा त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून झेडप्या सुरू झाल्या. त्यामुळे घटनादुरुस्तीने आपल्याकडे नवीन इमारत नाही उभी राहिली, मुख्य फरक पडला तो पाच वर्षांची मुदत, आरक्षण आणि स्वतंत्र निवडणूक आयोग यांचा.

मग कलेक्टर, तहसीलदार, आमदार हे यात कुठे बसतात?

बसतच नाहीत! सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कलेक्टर-प्रांत-तहसीलदार-मंडळ अधिकारी-तलाठी ही महसूल खात्याची लाइन आहे, ती थेट राज्य सरकारची. आमदार विधानसभेत कायदे करायला असतो, तो झेडपीचा सदस्यसुद्धा नसतो. आता आमदार फंडातून गटार बांधतो आणि बोर्डावर फोटो लावतो म्हणून लोकांना वाटतं गटार आमदाराचं काम, पण गटार तुंबलं की साफ करायची जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा पालिकेचीच राहते.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे प्रत्येक संस्थेत दोन माणसं शोधायची, एक निवडून आलेला आणि एक नेमलेला. ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक, पंचायत समितीत सभापती आणि बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, झेडपीत अध्यक्ष आणि सीईओ, नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, महापालिकेत महापौर आणि आयुक्त. ठराव निवडून आलेले करतात, अंमलबजावणी नेमलेले करतात. यात कोणाचं पारडं जड ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि खरी गंमत त्यातच आहे.

तलाठी आणि ग्रामसेवक एकच का? दोघं एकाच बिल्डिंगमध्ये बसतात म्हणून विचारतोय.

नाही हो. तलाठी महसूलचा माणूस, तहसीलदाराच्या हाताखाली, सातबारा-फेरफार-पीक पाहणी त्याच्याकडे. ग्रामसेवक झेडपीचा कर्मचारी आणि ग्रामपंचायतीचा सचिव, त्याच्याकडे घरपट्टी-पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, दाखले, सभेचं प्रोसिडिंग. सातबारावर नाव लागलं नाही म्हणून सरपंचाशी भांडून काही उपयोग नाही, त्याच्या हातात ते नाहीच.

2024 मध्ये दोघांचीही नावं बदलली, तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी केलं. गावात मात्र अजून तलाठी आप्पा आणि ग्रामसेवक भाऊसाहेबच चालू आहे आणि पुढची वीस वर्षं तरी चालेल असं मला वाटतं.

आठचा उतारा माझ्या नावावर आहे म्हणजे घर माझंच ना?

थांबा, आधी कुठला आठ ते बघा. तलाठ्याकडचा 8-अ म्हणजे तुमच्या खात्यावर एकूण किती शेतजमीन आहे त्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद. नमुना 8 ला नाव असणं म्हणजे टॅक्स तुमच्या नावाने आकारलाय एवढंच, मालकीचा अंतिम पुरावा तो नाही, कोर्टात गेल्यावर अनेकांना हे कळतं. गावठाणातल्या घरांना मालकीची रीतसर कागदपत्रं नव्हती म्हणूनच 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून प्रॉपर्टी कार्ड द्यायचं काम सुरू झालं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर ते कार्ड काढून घ्या, आळस करू नका.

ग्रामपंचायतीत सदस्य किती असतात, कोण ठरवतं?

लोकसंख्येवर. 1500 पर्यंत 7, मग 3000 पर्यंत 9, 4500 पर्यंत 11, 6000 पर्यंत 13, 7500 पर्यंत 15 आणि त्याच्या पुढे कितीही मोठं गाव असलं तरी 17. छोट्या दोन-तीन वाड्या मिळून एकच असेल तर तिला गट ग्रामपंचायत म्हणतात.

सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून? दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं.

कारण दर वेळी खरंच वेगळं असतं. पूर्वी सदस्य सरपंच निवडायचे, 2017 ला थेट जनतेतून सुरू झालं, 2020 ला सरकार बदलल्यावर ते रद्द झालं, 2022 ला पुन्हा सरकार बदललं आणि पुन्हा थेट आलं. सध्या थेट आहे. उपसरपंच मात्र सदस्यांतूनच.

थेट निवडणुकीचा एक फायदा आहे की सदस्यांना सहलीला नेऊन कोंडून ठेवायची पद्धत कमी झाली. तोटा असा की सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं असं झालं की पाच वर्षं मासिक सभेत नुसती खडाजंगी, एकही ठराव धड होत नाही. माझ्या मते तरीही थेट बरं, पण यावर गावोगावी दोन मतं आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे.

सरपंच काम करत नाही, त्याला काढता येतं का?

येतं पण सोपं नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, मुदत संपायला सहा महिने राहिले तरी आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करायचा आणि मग तो ग्रामसभेपुढे जातो, तिथे गुप्त मतदानाने लोकांनी मान्य केला तरच सरपंच जातो. म्हणजे ज्यांनी निवडून दिलं त्यांनाच परत विचारायचं, हे योग्यच आहे.

अविश्वासाशिवाय दुसरा रस्ता म्हणजे अपात्रता. सरकारी जागेवर अतिक्रमण, तिसरं अपत्य, थकलेली घरपट्टी न भरणं, ठरलेल्या ग्रामसभा न घेणं, अशी कारणं असतात. तिथे कलेक्टरकडे अर्ज करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर सरपंच जास्त करून या रस्त्यानेच घरी जातात.

ग्रामसभा म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर कधी झालेलीच ऐकली नाही.

झाली असेल, कागदावर. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो, आमंत्रणाची गरज नाही, कोणी तुम्हाला उठवू शकत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात, बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. कोरम म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, ती 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. कोरम नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा कोरम लागत नाही, आणि इथेच खेळ होतो! पहिल्या सभेला मुद्दाम कोणाला कळवायचं नाही, तहकूब करायची, मग दुसऱ्या वेळी दहा-बारा आपली माणसं बसवून घरकुलाची यादी मंजूर. म्हणून तहकूब सभेलाच जास्त आवर्जून जा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते, हेही बऱ्याच गावांत फक्त रजिस्टरमध्ये होतं. आणि प्रोसिडिंग लिहून झाल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या पानावर हजेरीच्या नावाखाली सह्या घ्यायची जुनी सवय आहे.

ग्रामसभेत काय विचारता येतं? गेल्या वर्षीचा जमाखर्च, पुढच्या वर्षीचा विकास आराखडा, योजनेचे लाभार्थी कोण आणि कसे निवडले, सगळं. दारूबंदीचं मात्र वेगळं आहे, 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि निम्म्यापेक्षा जास्त मतं "आडवी बाटली" या बंदीच्या चिन्हाला पडली की दुकान बंद.

आदिवासी भागातली ग्रामसभा जास्त ताकदवान असते म्हणतात, खरं का?

हो, तिथे 1996 चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा, लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम 2014 चे. 13 जिल्ह्यांत काही तालुके पूर्ण तर काही तालुक्यांतली फक्त काही गावं असं हे क्षेत्र आहे. तिथे वाडी-पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, गौण वनउपज म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू, गावातले बाजार, दारूची दुकानं यावर तिला बोलायचा अधिकार आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच, आणि वनहक्क कायद्याखाली 2011 मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क त्यांनी मिळवला. घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागे वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास आणि सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची पद्धत आहे ती कोणी बघत नाही.

पंचायत समितीचं काम काय? उगाच मधली पायरी वाटते.

थोडं खरं आहे. तिला स्वतःचा टॅक्स नाही, पैसा वरून येतो, योजना वरून येतात, ती खाली पोचवते. पण ग्रामपंचायतीचा कारभार तपासणारी माणसं, म्हणजे बीडीओ आणि विस्तार अधिकारी, तिथेच बसतात, घरकुल-विहीर-गोठ्याच्या फायली तिथूनच फिरतात, त्यामुळे सभापतीपेक्षा बीडीओ ऑफिसचे हेलपाटे जास्त होतात. राज्यात 351 पंचायत समित्या आहेत. निवडणुकीत झेडपीच्या मतदारसंघाला गट आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात, एका गटात दोन गण असतात, त्यामुळे त्या दिवशी तुम्ही दोन मतं देता.

जिल्हा परिषदेकडे काय येतं?

मराठी शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, जनावरांचे दवाखाने, पाणीपुरवठ्याच्या योजना, छोटे पाझर तलाव, ग्रामीण रस्ते. गावातल्या माणसाचा सरकारशी सगळ्यात जास्त संबंध येतो तो झेडपीच्या गुरुजींमुळे आणि आशाताईंमुळे, पण झेडपी सदस्याचं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. राज्यात जिल्हे 36 पण जिल्हा परिषदा 34, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांना गावंच नाहीत.

आमच्या रस्त्यावरचा खड्डा कोणाचा?

रस्ता कुठला त्यावर. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. गावाला जोडणारा ग्रामीण रस्ता किंवा इतर जिल्हा मार्ग झेडपीच्या बांधकाम विभागाचा. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणजे पीडब्ल्यूडीचा. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. शहरात बहुतेक पालिकेचा, पण मधूनच एखादा पट्टा पीडब्ल्यूडीचा किंवा मुंबईकडे एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाचा निघतो आणि मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार करायच्या आधी रस्त्याचा क्रमांक काढा, नाहीतर "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर छापूनच ठेवलेलं असतं.

नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका यात फरक काय?

मुख्य फरक आकाराचा. साधारण 10 ते 25 हजार वस्तीचं, गाव आणि शहर यांच्या मधलं ठिकाण म्हणजे नगरपंचायत, तिथे 17 नगरसेवक. त्याच्या पुढे नगरपरिषद, तिचे तीन वर्ग: 40 हजारांपर्यंत क, 1 लाखापर्यंत ब, त्यावर अ. आणखी मोठं झालं की महानगरपालिका. इचलकरंजी आणि जालना धरून राज्यात 29 महापालिका झाल्यात. 2014 मध्ये सरकारने ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत असेल तर तिची नगरपंचायत करायची, त्यामुळे काही ठिकाणं शहरासारखी अजिबात दिसत नाहीत तरी कागदावर शहर आहेत.

गाव महापालिकेत गेलं तर फायदा की तोटा?

टॅक्स वाढतो हे नक्की, सोयी कधी येतील ते नक्की नाही. रोजगार हमीसारख्या ग्रामीण योजना बंद होतात, सरपंच जातो. दुसरीकडे शहराला चिकटलेल्या गावात बिल्डिंगा उठलेल्या असतात आणि एवढ्या लोकांचं पाणी-कचरा-सांडपाणी ग्रामपंचायतीच्या आवाक्यात राहिलेलं नसतं. पुण्याचं उदाहरण बघा, 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत घेतली, पुढे टॅक्सवरून एवढा आरडाओरडा झाला की त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे आत जा, बाहेर या, आणि रस्ता खोदलेलाच.

महापौर शहराचा बॉस असतो ना?

नाही, आणि हे ऐकून बरेच लोक नाराज होतात. महापौराला नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, तो सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक वगैरे मान असतो, पण प्रशासनाचे अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. पैशाच्या दृष्टीने वजनदार जागा स्थायी समितीच्या अध्यक्षाची, कारण मोठी टेंडर तिथून जातात, म्हणून त्या खुर्चीसाठी महापौरपदापेक्षा जास्त रस्सीखेच होते. उलट गावात सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. माझं तर म्हणणं आहे की दोन हजार वस्तीच्या गावचा सरपंच आपल्या हद्दीत जेवढं घडवू किंवा अडवू शकतो तेवढं महापौर त्याच्या शहरात करू शकत नाही.

नगराध्यक्षाचं मधलं आहे, तो सध्या थेट लोकांतून निवडला जातो त्यामुळे त्याला थोडं वजन असतं, पण मुख्याधिकारी सरकारचाच.

आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, तक्रार कोणाकडे करायची?

चौघांकडेही करता येते, आणि चौघंही दुसऱ्याचं नाव सांगू शकतात. मुंबईत एका वॉर्डात एकच नगरसेवक, असे 227. बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक चारचे. पक्षांना हे सोयीचं पडतं, मतदाराला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कचरा-पाण्याची तक्रार असेल तर थेट क्षेत्रीय कार्यालयात किंवा पालिकेच्या ॲपवर टाका, टोकन नंबर घ्या आणि मग तो नंबर घेऊन नगरसेवकाकडे जा.

मुंबईचं सगळं वेगळंच का?

कायदाच वेगळा आहे, मुंबईचा 1888 चा, इतर महापालिकांचा 1949 चा. बस आणि वीज देणारी बेस्ट पालिकेची, धरणं पालिकेची, मेडिकल कॉलेजं पालिकेची. 2025-26 चं बजेट 74 हजार 427 कोटींचं होतं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे तो 2022 पासून.

पोलीस, वीज, रेशन यातलं काय पालिकेकडे?

काहीच नाही, मुंबईत बेस्टची वीज सोडली तर.

कॅन्टोन्मेंटमध्ये राहतो, आम्ही कोणाचे?

संरक्षण मंत्रालयाचे. 2006 च्या केंद्रीय कायद्याने कटक मंडळं चालतात. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशी सात महाराष्ट्रात आहेत. आमदार-खासदाराला मत तुम्ही इतरांसारखंच देता.

प्रशासक म्हणजे काय? निवडणूक न घेता चालतं का?

घटनेप्रमाणे पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचना यांच्या वादात 2022 पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका, झेडप्या प्रशासकांच्या हातात गेल्या, मुंबईची मुदत मार्च 2022 ला संपली होती. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं बजावलं. मधल्या काळात ठराव करणाराही आयुक्त, अंमलबजावणी करणाराही आयुक्त, आणि जाब विचारायला सभागृहच नाही. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवली तरी नळाला पाणी नाही म्हणून रात्री दहाला फोन करायला कोणीतरी होतं.

आरक्षण कसं ठरतं?

महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना, 2011 पासून. घटनेत किमान एक तृतीयांश आहे, आपण पुढे गेलो. एससी-एसटीला लोकसंख्येच्या प्रमाणात, ओबीसींना 27 टक्क्यांपर्यंत. कुठली जागा कोणाला हे सोडतीने, म्हणून सोडतीच्या दिवशी निम्म्या इच्छुकांचे चेहरे पडतात आणि लगेच बायकोची कागदपत्रं शोधायला सुरुवात होते.

सरपंच बाई आहेत पण खुर्चीत त्यांचे मिस्टर बसतात, चालतं का?

चालत नाही. सभेत बसायचा, कर्मचाऱ्यांना आदेश द्यायचा किंवा सही करायचा कुठलाही अधिकार नवऱ्याला, दिराला, मुलाला नाही. दिसलं तर बीडीओकडे लेखी द्या. तसंच एक सांगतो, पहिल्या वर्षी गप्प बसलेल्या बऱ्याच ताई तिसऱ्या वर्षी बीडीओशी स्वतः भांडताना दिसतात, त्यामुळे सरसकट टोमणे मारू नका.

मला उभं राहायचंय, काय लागतं?

वय 21 पूर्ण, त्या ठिकाणच्या मतदार यादीत नाव, थकबाकी नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अपात्र. राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते, तिची तयारी आधीच करा, बऱ्याच जणांचं पद फक्त वेळेत सर्टिफिकेट न दिल्याने गेलंय. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात. झेडपीपासून महापालिकेपर्यंत बाकी सगळीकडे पक्षाचं चिन्ह. निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नाही.

गाव बिनविरोध करायचं म्हणून सरपंचपदाची बोली लावली, देवळाला पैसे मिळाले, चुकलं कुठे?

पद विकलं, तिथे चुकलं. जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने याच कारणावरून रद्द केली होती. एकमताने बिनविरोध झालं तर उत्तम, पण बोलीत ज्याच्याकडे पैसा त्याचंच एकमत होतं.

ग्रामपंचायतीकडे पैसा येतो कुठून?

घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी हे स्वतःचं, आणि वसुलीची बोंब सगळीकडे. मोठा पैसा केंद्राच्या वित्त आयोगाचा. 15 व्या वित्त आयोगात महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 झेडपीला अशी वाटणी झाली. त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे. त्यामुळे सरपंच म्हणाला की फंड आहे पण सभामंडप बांधता येत नाही, तर दर वेळी तो खोटं बोलत नसतो. शहरांचं हक्काचं उत्पन्न जकातीचं होतं, ती जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग 2017 ला जीएसटी, आणि आता पालिका भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात.

हिशोब बघायचा असेल तर कुठे बघू?

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाका, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतं. न झालेल्या कामाचं बिल निघालेलं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, त्यात मोजमाप पुस्तिका, अंदाजपत्रक आणि बिलाची प्रत मागा, "सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि अर्जाच्या आधी सोपा उपाय म्हणजे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हास्तरापासून खालच्या ऑफिसांमध्ये आणि पालिकांमध्ये नागरिकांना फायली बघायला द्यायच्या असा 2018 चा शासन निर्णय आहे, त्याची प्रिंट सोबत न्या कारण टेबलावरच्या माणसाला तो बहुतेक वेळा माहीत नसतो.